पाव फेरा

माझी इलेक्ट्रिक गिटार ॲम्प्लिफायरला न जोडता छेडली तर ती जेमतेम पुटपुटते. खोलीत पंखा चालू असेल तर तेवढंही ऐकू येत नाही. पोट भरीव, त्यामुळे आवाज घुमायला जागाच नाही. लाकडाचा ठोकळा, त्यावर रंगाचा जाड थर आणि सहा तारा. साधी लाकडी गिटार ओळखपाळख नसतानाही मोकळेपणाने बोलते. हिच्याशी बोलायचं तर आधी वायर, मग ॲम्प्लिफायर, मग दोन-तीन बटणांची मनधरणी. आणि एवढं करून पहिल्यांदा जे ऐकू येतं ते एक अखंड ‘घुंऽऽ’.

दिसायला मात्र देखणी. कडेला काळी, आत येता येता तांबूस, मध्यावर मधाळ पिवळी. दोन शिंगं, एक लांब, एक आखूड. पाठीला बरगड्यांसाठी खोलगट उतार. हा बांधा हिचा स्वतःचा नाही. तो १९५४ सालचा, फेंडर स्ट्रॅटोकास्टरचा. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला गिटार वाजवता येत नव्हती. कदाचित म्हणूनच परंपरेचं त्याला फारसं ओझं वाटलं नसावं. गिटारची मान धडाला सरसाने चिकटवण्याची रीत होती. त्याने ती चार स्क्रूंनी आवळली. करायला सोपी, जोडायला झटपट, फ्रेट (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) झिजले तर मान काढून दुसरी लावा. म्हणजे आज लाखाच्या वर जाणाऱ्या अमेरिकन गिटारची मूळ कल्पनाच मुळी कारखान्याच्या सोयीची होती. तिची नक्कल स्वस्तात होते यात नवल नाही. १९७०च्या दशकात जपान्यांनी ती इतकी चांगली केली की १९८२ साली फेंडर कंपनीने तिथेच ‘स्क्वायर’ नावाचं स्वतःचं धाकटं भावंड काढलं. नाव होतं व्हायोलिनच्या तारा करणाऱ्या एका जुन्या अमेरिकन कंपनीचं, जी फेंडरने १९६५ साली विकत घेतली होती. पुढे हे स्वस्त गिटारींचं काम कोरिया, चीन, इंडोनेशिया असं फिरत राहिलं, आणि त्या वाटेवर कुठेतरी, फारसं नाव नसलेल्या एका कारखान्यात, माझ्याकडची ही जन्मली. नवी असताना दहा-बारा हजारांची. माझ्याकडे आली ती सेकंडहँड, कपाटावरून उतरवलेली, पिशवीवर धुळीचा थर घेऊन.

२०१९ साली पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिल्मूरची काळी स्ट्रॅटोकास्टर लिलावात जवळजवळ चाळीस लाख डॉलरना गेली. हिचा आणि तिचा नकाशा एकच. तारेची लांबी ६४८ मिलिमीटर, बारावा फ्रेट बरोबर मध्यावर, ३२४ मिलिमीटरवर, तीन पिकअप, तोच ब्रिज. हल्ली लाकूड संगणकावर चालणारी यंत्रं कापतात आणि यंत्राला गिटारची किंमत कळत नाही. फ्रेटच्या खाचा स्वस्त गिटारीतही जागच्या जागीच पडतात. मग दहा हजारांत ती बसते कशी? लाकूड हलकं, धातू हलका, हे आहेच. पण खरी काटकसर शेवटच्या तासात केलेली असते. फ्रेटची टोकं कानशीने गोल करणारा हात, मानेच्या टोकाच्या नटच्या खाचा एकेक करून खोल करणारा हात, तार लावून, कान देऊन, परत स्क्रू फिरवणारा हात. हे हात पगार मागतात. म्हणून वाद्य त्यांच्यापर्यंत पोचायच्या आधीच खोक्यात जातं. माझं मत असं की स्वस्त गिटार वाईट नसते, ती अर्धवट असते. उरलेलं काम ती गिऱ्हाइकाच्या गळ्यात घालते आणि ते कुठल्याही खोक्यावर लिहिलेलं नसतं.

त्या न केलेल्या कामाची किंमत कोण मोजतं, तर बहुधा एखादा सतरा-अठरा वर्षांचा मुलगा. हिच्या आधीच्या मालकाने इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला ती घेतली होती आणि ‘एफ’पाशी सोडली. गिटार शिकणाऱ्यांत ‘एफ’ कॉर्ड हा कुप्रसिद्ध घाट आहे. पहिल्या फ्रेटवर तर्जनी आडवी टाकून सहाही तारा दाबायच्या आणि उरलेल्या तीन बोटांनी वर आकार धरायचा. मुलं तिथे महिना-महिना अडकतात, बोटं चेपून घेतात, आणि एक दिवस ‘माझ्या हातात नाही ते’ असं म्हणून पिशवीची चेन ओढतात. हिच्यातली गोम पाहायला एवढंच करायचं: तार तिसऱ्या फ्रेटवर दाबायची आणि पहिल्या फ्रेटवर किती फट उरते ते बघायचं. केसाएवढी हवी. हिच्या फटीत घडी घातलेला कागद गेला असता. मानेच्या टोकाला तारा ज्या प्लास्टिकच्या पट्टीवरून जातात तो नट; त्याच्या खाचा कारखान्याने उथळ ठेवलेल्या होत्या. उथळ खाच म्हणजे उंच तार, उंच तार म्हणजे दुप्पट जोर, आणि एवढा जोर लावून दाबली की तार ताणली जाऊन स्वर चढतो तो वेगळाच. त्या मुलाने अर्ध्या मिलिमीटर प्लास्टिकसाठी स्वतःच्या बोटांना दोष दिला.

नटच्या खाचांसाठी खास कानशी मिळतात, पण त्यांच्या किमतीत हिच्यासारखी अर्धी गिटार येईल. वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात गॅसचं नोझल साफ करायच्या बारीक, खरबरीत सळ्यांचा संच मिळतो; तो चालतो. सर्वांत बारीक तार पाव मिलिमीटरहूनही कमी जाड, सर्वांत जाड मिलिमीटरहून किंचित जास्त. त्या त्या मापाची सळी घ्यायची आणि दोन-चार हात मारून परत तार लावून बघायचं. घाई केली की खाच खोल जाते, तार पहिल्या फ्रेटला टेकते, आणि मग नट नवा. खाचेत शेवटी शिसपेन्सिल फिरवायची. ग्रॅफाइटमुळे तार सरकते. त्याआधी खुंटी पिळताना ‘टिक्’ असा आवाज येई आणि तार एकदम पुढे उडी मारी. लोक अशा वेळी खुंट्यांना शिव्या देतात. खुंट्या बिचाऱ्या बऱ्या असतात.

आता मान. तिच्यावर नेहमीच्या बारीक तारांच्या संचाचा मिळून साधारण ३८ किलोचा ताण असतो, दिवसरात्र. लाकूड वाकणारच. म्हणून मानेच्या आत एक पोलादी कांब असते, ट्रस रॉड. १९२०च्या दशकात गिब्सन कंपनीच्या थॅडियस मॅकह्यूने तिचं पेटंट घेतलं आणि आज सर्वांत स्वस्त गिटारीतही ती असते. टोकाशी ॲलन की घालून फिरवली की मान तारांच्या ओढीविरुद्ध सरळ होते. अगदी सरळही नको. तार कंप पावताना मध्यावर पसरते, तिला जागा लागते. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावायचा, धडाजवळचा शेवटचा फ्रेट दाबायचा, आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी एक व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकतंय का ते बघायचं. पाव मिलिमीटर. ॲलन की एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवायची नाही, आणि फिरवून झाली की गिटारीला तसंच ठेवून द्यायचं. लाकूड लगेच उत्तर देत नाही. संध्याकाळी परत मोजायचं.

हिचा स्वभाव खरा कळतो तो ठाण्याच्या हवेत. जून-जुलैत मान ओल पिते आणि पुढे झुकते, तारा वर येतात, हात जड होतो. पाव फेरा आवळायचा. डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी झाली की फिंगरबोर्ड, म्हणजे मानेवरची फ्रेट बसवलेली लाकडी पट्टी, आक्रसतो, धातूचे फ्रेट मात्र आहेत तेवढेच राहतात, आणि त्यांची टोकं कडेने बाहेर येतात. मानेवरून हात सरकवला की तळवा ओरखडतो. नव्या, महाग गिटारीतही हे होतं. हिच्यात जास्त, कारण टोकं मुळातच गोल केलेली नव्हती. बारीक कानस तिरपी धरून एकेक टोक उतरवायचं, लाकडाला चिकटपट्टी लावून. कंटाळवाणं काम आहे. रेडिओ लावून करावं.

ह्या फिंगरबोर्डबद्दल थोडं सांगायला हवं. पूर्वी तो बहुधा शिसवीचा असे. शिसवीच्या जातीच्या लाकडांवर २०१७ साली आंतरराष्ट्रीय व्यापाराची बंधनं आली (तयार वाद्यांना पुढे सवलत मिळाली), त्या सुमारास स्वस्त गिटारींवर एक फिकट तपकिरी, रेघारेघांचं लाकूड दिसू लागलं. माहितीपत्रकात त्याला इंडियन लॉरेल म्हणतात. हा आपला ऐन. ठाणे जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला तो ओळखायला पुस्तक लागत नाही. भाताच्या रोपांच्या जागेवर राब भाजायचा तर ऐनाच्या फांद्या तोडायच्या, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. तिकडे भंडारा-गडचिरोलीत ह्याच झाडाच्या पानांवर कोशाच्या अळ्या पोसतात आणि टसरचं रेशीम निघतं. राब, रेशीम आणि आता गिटार. कोरडा पडला की हा ऐन भुरकट दिसतो. तारा बदलताना दोन थेंब खनिज तेल पुसून घ्यायचं. खोबरेल नको, ते खवट होतं.

मानेनंतर ब्रिज. तिथे प्रत्येक तारेखाली एक लोखंडी बैठक, सॅडल, आणि प्रत्येक सॅडलला दोन इवलेसे स्क्रू. तार किती उंच ठेवायची ते इथे ठरतं. बाराव्या फ्रेटवर दीड मिलिमीटरच्या किंचित वर ठेवली की बोटं सुखावतात. आणखी खाली नेली की तार पुढच्या फ्रेटला घासून झणझणते. हा दोष सगळ्या जगात दोष मानतात, आमच्या घरात नाही. आई पुष्कळ वर्षं गाणं शिकली. तारा मुद्दाम खाली नेऊन मी कुठे झणझणतंय ते शोधत होतो, तेव्हा ती आतून म्हणाली, “छान जवारी लागलीय की. आता काय काढून टाकतोयस?”

तिचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या चुकीचं नव्हतं. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा किंचित उताराचा घासलेला असतो. कंप पावणारी तार त्याला टेकत-सुटत राहते, खाली सरकवलेला दोरा तिची नेमकी जागा धरून ठेवतो, आणि त्यातून ती झळाळी येते. मिरजेच्या सतारमेकरांच्या कामात जवारी लावणं हा वाद्य पुरं होण्याचाच भाग आहे. कानस, दोरा आणि कान. यंत्राने करून द्यायची ही गोष्ट नाही. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ते लाकडाला आणि भोपळ्याला मिळालं तसंच त्या शेवटच्या घासण्यालाही मिळालं, असं मी समजतो. माझ्या गिटारीच्या वाट्याला नेमका तो कारागीर आला नव्हता. त्याचं काम इथे स्वयंपाकघरातल्या टेबलावर, माझ्यासारख्या एका कारकुनाने केलं, म्हणून त्याला मानांकन मिळण्याची शक्यता कमी.

आईची दुसरी तक्रार जास्त खोल होती. “तुझ्या ह्या बाईचा गंधार चढा आहे.”

मी आधी ब्रिजकडे वळलो. दाबलेली तार थोडी ताणली जाते, म्हणजे स्वर थोडा चढतो. त्याची भरपाई म्हणून सॅडल किंचित मागे घेऊन तार लांब करायची असते. बाराव्या फ्रेटवर तारेला नुसता स्पर्श करून येणारा स्वर आणि तिथेच दाबून येणारा स्वर, दोन्ही जुळले पाहिजेत. दाबलेला चढा निघाला तर सॅडल मागे, उतरला तर पुढे. जाड तारांना जास्त मागे जावं लागतं, म्हणून नीट लावलेल्या गिटारीचे सहा सॅडल कधी एका रेषेत नसतात, त्यांच्या दोन तिरप्या ओळी दिसतात. हिचे सहाच्या सहा एका रेषेत, शिस्तीत उभे होते. कारखान्याने ते हलवलेच नव्हते. मी ते जुळवले, ट्यूनरची सुई मध्यावर आली, आणि आईचा गंधार चढाच राहिला.

कारण तो फ्रेटच्या गणितातच चढा आहे. सप्तकाचे बारा सारखे भाग करायचे तर प्रत्येक स्वर आधीच्याच्या १.०५९५ पट. ह्या हिशेबात शुद्ध गंधार षड्‌जाच्या सुमारे १.२६ पट येतो. तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा स्वयंभू गंधार बरोबर १.२५ पट. फरक एका अर्ध्या स्वराच्या सातव्या भागाएवढा, म्हणजे ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी काहीच नाही आणि ज्याला येतो त्याच्यासाठी दुपार खराब. हार्मोनियमचाही हाच रोग, आणि १९४० पासून आकाशवाणीने तिला कित्येक वर्षं दाराबाहेर ठेवलं त्यामागच्या तक्रारींत ही एक होती. हार्मोनियमवाल्यापाशी उपाय नाही. हिच्यापाशी अर्धा आहे. तार ओढून स्वर फक्त चढवता येतो, उतरवता येत नाही. पण एक फ्रेट अलीकडे, कोमल गंधारावर तार दाबून ती वर ओढत न्यायची आणि ट्यूनरच्या गंधाराच्या अलीकडे, आईच्या गंधारावर थांबायचं. बारीक तारा, नीट लावलेली मान आणि तारांची कमी केलेली उंची, ही सगळी खटपट इथे वसूल होते. ते पहिल्यांदा जमलं तेव्हा आतून काहीच आवाज आला नाही. आमच्या घरात ह्याला दाद म्हणतात.

‘विजेची’ गिटार म्हटल्यावर आईने शॉकचीही चौकशी केली होती. खरं म्हणजे हिच्या पोटात वीज शिरतच नाही. बॅटरीही नाही. प्रत्येक पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार चुंबकावर थरथरली की वेढ्यांत वीज उपजते, मिलिव्होल्टांत मोजावी इतकी. फॅरेडेने १८३१ साली दाखवलेली गोष्ट, बाकी काही नाही. नायलॉनची तार लावली तर ही ठार मुकी होईल. मात्र तेच वेढे घरातल्या वायरिंगमधली ५० हर्ट्‌झची कंपनंही तितक्याच आवडीने उचलतात. पहिला ‘घुंऽऽ’ तो. पिकअप निवडणाऱ्या, पाच जागी थांबणाऱ्या स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर, दोन पिकअप एकमेकांविरुद्ध गुंडाळलेले असतील तर तो पुष्कळसा विरतो. (मूळ स्ट्रॅटोकास्टरच्या स्विचला तीनच जागा होत्या. वादक तो मधेच अडकवून ठेवत, आणि कंपनीने १९७७ साली पाच जागांचा स्विच देऊन त्यांच्यापुढे हात टेकले.) तारांना हात लावला की ‘घुं’ कमी होतो, कारण ब्रिजखालून एक वायर जमिनीला जोडलेली असते. हात लावूनही फरक पडला नाही तर ती वायर सुटली आहे असं समजावं. आणि हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर वाजवणं थांबवून घरातली अर्थिंग तपासावी; जुन्या इमारतींत सॉकेटला तिसरं भोक असतं, त्यामागे वायर असतेच असं नाही. शॉकचा धोका असलाच तर तो तिकडून येतो, गिटारीकडून नाही. हे सगळं ऐकून घेऊन आई म्हणाली, “पण आवाज ओळखीचा आहे रे. भूपिंदर सिंग वाजवायचे ना?” गझला गाणाऱ्या त्या मृदू गळ्याच्या माणसाने ‘दम मारो दम’ची गिटार वाजवली होती, हे मला तिच्याकडूनच कळलं.

गिटारीत खोडी अजून आहेत. व्हायब्रेटोची दांडी दाबली की स्वर डुलतो खरा, पण दांडी सोडल्यावर तारा जागेवर परत येतीलच ह्याची हमी नाही. ब्रिजखालचा धातूचा ठोकळा पातळ, स्प्रिंगा थकलेल्या. मी पाठीमागचे स्क्रू आवळून ब्रिज धडाला चिकटवून टाकला आणि दांडी खणात ठेवली. आवाजाचं बटण फिरवताना खरखरे, ते कॉन्टॅक्ट क्लीनरच्या एका फवाऱ्याने थांबलं. टोनचं बटण दहापासून दोनपर्यंत काहीच करत नाही आणि मग एकदम सगळं अंधारून टाकतं. जाणकार सांगतात, पिकअप बदल. हिचे पिकअप स्वस्तातले, पोलादी खिळ्यांखाली सिरॅमिक चुंबकाची पट्टी चिकटवलेले. आवाज जरा टोकदार. बदलायचे तर गिटारीएवढेच पैसे, आणि फरक माझ्या सहा इंची स्पीकरच्या ॲम्पमधून कोणाला कळणार? पैसे घालायचेच तर चांगल्या ॲम्पवर घालावेत. त्याआधी तारांवर. आमच्या दमट हवेत साध्या तारा महिना-दोन महिन्यांत गंजून खरबरीत होतात, आणि लोक गंजलेल्या तारांचा आवाज पिकअपच्या नावावर खपवतात.

परवा खालच्या मजल्यावरचा मुलगा आला. बारावीत आहे, त्याच्याकडेही अशीच एक आहे. हिच्यावर त्याने सवयीने दात आवळून ‘एफ’ धरला. सहाही तारा वाजल्या. त्याने हात काढून बोटांकडे पाहिलं, परत धरला, परत वाजल्या.

“काका, ही महागातली असणार.”

मी किंमत सांगितली. तो काही न बोलता खाली गेला आणि दहा मिनिटांत त्याची गिटार पिशवीसकट घेऊन आला. मी ती टेबलावर आडवी ठेवली, तिसऱ्या फ्रेटवर तार दाबली, पहिल्या फ्रेटवरची फट त्याला दाखवली. व्हिजिटिंग कार्ड दुमडून आत गेलं.

“म्हणजे माझी बोटं...”

“बोटं ठीक आहेत. सहाही तारा सैल कर. आणि खालच्या नाक्यावर वेल्डिंगचं दुकान आहे, ते दुपारी बंद असतं, चारनंतर जा.”